भूमिकाखेळातील पात्राच्या क्षमता व कौशल्यांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

अध्यापनशास्त्राच्या अभ्यासकांना भूमिकापालन हे तंत्र नवे नाही. विद्यार्थ्याला एखादी भूमिका द्यावी, प्रसंग सांगावा आणि त्या भूमिकेतून त्याला बोलते करावे, एवढीच त्याची पद्धती आहे. टेबलाभोवती बसून खेळला जाणारा रोल-प्लेइंग गेम हे या तंत्राचे दूरचे भावंड म्हणता येईल. चार-पाच खेळाडू, एक सूत्रधार, काही फासे आणि प्रत्येक खेळाडूपुढे एक कागद एवढी त्याची सामग्री असते. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतो. आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकून तो ठरविला जातो. पात्र आधीच लिहिलेल्या कथेतून येत नाही, ते खेळाडू स्वतः घडवितो. या घडणीचा मुख्य भाग म्हणजे क्षमता आणि कौशल्ये यांची निवड, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सोयीसाठी पुढे या प्रकाराला ‘भूमिकाखेळ’ आणि खेळाडूपुढील कागदाला ‘पात्रपत्रिका’ असे म्हटले आहे.

विषय वरकरणी करमणुकीचा वाटेल. तथापि मर्यादित साधनांचा विनियोग, संभाव्यतेचे गणित आणि माणसाचे वर्णन करण्याची भाषा हे तीन प्रश्न येथे एकाच कागदावर एकत्र येतात. त्यामुळे अर्थशास्त्र, संख्याशास्त्र वा साहित्य यांपैकी कोणत्याही विभागातील अध्यापकाला त्यात रस वाटावा. शिवाय वर्गात असा खेळ वापरू पाहणाऱ्या अध्यापकापुढे एक व्यावहारिक अडचण लवकरच उभी राहते. पात्रपत्रिकेवर काय लिहू द्यावयाचे, यावर खेळात कोण बोलणार आणि कोण गप्प बसून राहणार हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखकाच्या मते पात्रपत्रिकेवरील आकडा हे पात्राचे मोजमाप कमी आणि खेळाडू व सूत्रधार यांच्यामधील करार अधिक असतो. निवड चांगली की वाईट, हे आकड्याच्या मोठेपणापेक्षा या कराराच्या कसोटीवर पाहिले पाहिजे.

क्षमता आणि कौशल्य : भेदाचा उगम

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकाशित स्वरूपातील पहिला भूमिकाखेळ म्हणून त्याचाच उल्लेख होतो. त्यात प्रत्येक पात्राच्या सहा क्षमता सांगितल्या होत्या : बल, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळता आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. बुद्धी आणि शहाणपण ही दोन वेगळी घरे ठेवण्यात रचनाकारांनी दाखविलेला विवेक आपल्याकडील परीक्षापद्धतीला अद्याप साधलेला नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

या पहिल्या खेळात कौशल्यांची यादी मात्र नव्हती. लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक असे तीन वर्ग होते व पात्राला काय येते हे त्याच्या वर्गावरून ठरत असे. संस्कृत नाट्यपरंपरेत नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे प्रकार मानले जातात. नायक कोणत्या प्रकारचा हे कळले की त्याच्या वागणुकीची दिशा कळते. वर्गाची कल्पना काहीशी तशीच होती. वर्गात न बसणारी गोष्ट करावयाची झाल्यास खेळाडू ती तोंडाने सांगे आणि सूत्रधार तारतम्याने निकाल देई.

१९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने चोर हा नवा वर्ग आणला. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, चाहूल लागू न देता चालणे, सावलीत लपणे या कृतींसाठी चोराला टक्केवारीचे कोष्टक मिळाले. बदल लहान दिसतो, पण त्याचा परिणाम दूरवर गेला. तोपर्यंत लपण्याचा प्रयत्न कोणीही करू शकत असे. लपणे ही चोराच्या कोष्टकातील बाब झाल्यावर पुष्कळ ठिकाणी असा अर्थ घेतला जाऊ लागला की ज्याच्याकडे ते कोष्टक नाही त्याने लपण्याचे नावच काढू नये. एखादे कौशल्य यादीत लिहिले की ज्याच्याकडे ते आहे त्याला एक अधिकार मिळतो आणि ज्याच्याकडे नाही त्याचा तोच अधिकार संकोचतो. निवडीला खरे महत्त्व येते ते येथून. आपण कौशल्य घेतो तेव्हा ‘असा प्रसंग आला की बोलण्याची पाळी माझी’ असे टेबलावरील सर्वांना सांगत असतो.

क्षमता आणि कौशल्य यांतील भेद पुढील खेळांनी पक्का केला. क्षमता व्यापक, अल्पसंख्य आणि सहसा न बदलणारी. कौशल्य विशिष्ट, बहुसंख्य आणि सरावाने वाढणारे, अशी ही विभागणी आहे. तिच्यामागे उपजत काय आणि अर्जित काय याविषयीची एक भूमिका दडलेली असते. ती भूमिका कोणती, हे पात्राचे आकडे कोठून येतात ते पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते.

आकडे येतात कोठून?

१९७४ च्या नियमांनुसार प्रत्येक क्षमतेसाठी तीन फासे एकदाच टाकावयाचे आणि येईल ती बेरीज क्रमाने लिहावयाची. तीन फाशांच्या २१६ शक्यता असतात. त्यांपैकी १० किंवा ११ ही बेरीज प्रत्येकी २७ प्रकारे येते, तर १८ ही केवळ एका प्रकारे. सहाही क्षमता मिळून निदान एक १८ येण्याची शक्यता पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. पात्राच्या कपाळी सटवाईने लिहावे आणि खेळाडूने ते वाचावे, असाच हा प्रकार होता. येथे निवड नाही. मिळालेल्या आकड्यांतून कोणता माणूस उभा राहतो हे शोधणे एवढेच खेळाडूच्या हाती असते. पुष्कळ जुने खेळाडू आजही या पद्धतीचा आग्रह धरतात आणि त्यात तथ्य आहे. जे पात्र आपण कधीच निवडले नसते ते वाट्याला आल्यावर कल्पनाशक्तीला अधिक काम पडते. १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून देण्याची आणि बेरजा हव्या त्या क्षमतेला लावण्याची मुभा मिळाली. त्यामुळे सरासरी १०.५ वरून १२.२४ वर गेली आणि ललाटलेखात खेळाडूला थोडी खाडाखोड करता येऊ लागली.

मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ने १९७७ मध्ये वेगळीच वाट धरली. या अंतराळविषयक खेळात पात्राच्या सहा क्षमतांमध्ये शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचाही समावेश आहे. पात्र अठरा वर्षांचे असते. नौदल, व्यापारी जहाजे अशा एखाद्या सेवेत ते दाखल होते आणि चार-चार वर्षांच्या मुदतींनी तेथे राहते. प्रत्येक मुदतीत काही कौशल्ये पदरात पडतात. आणखी एक मुदत काढावी की बाहेर पडावे, एवढाच निर्णय खेळाडूचा. अधिक राहिल्यास अधिक शिकता येते. पण चौतिसाव्या वर्षापासून वार्धक्य क्षमतांना पोखरू लागते आणि मूळ नियमांप्रमाणे एखाद्या मुदतीत फासे उलटे पडल्यास पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरण पावते. हा नियम अनेकांच्या थट्टेचा विषय झाला. तरीही कौशल्याची किंमत आयुष्याच्या वर्षांत मोजावी लागते, ही गोष्ट इतक्या रोकडेपणाने दुसऱ्या कोणत्याही खेळाने सांगितलेली प्रस्तुत लेखकास आढळली नाही.

तिसरी पद्धत खरेदीची. १९८१ चा ‘चॅम्पियन्स’ आणि स्टीव्ह जॅक्सन यांचा १९८६ चा ‘गुर्प्स’ हे तिचे ठळक नमुने होत. खेळाडूला ठराविक पॉइंट मिळतात. ‘गुर्प्स’च्या आरंभीच्या आवृत्त्यांत सामान्य पात्रासाठी ते १०० असत. त्यांतून क्षमताही विकत घ्यावयाच्या आणि कौशल्येही. नशीब येथे बाजूस राहते व सर्व खेळाडू समान भांडवलाने आरंभ करतात. न्यायाच्या दृष्टीने ही पद्धत सरस आहे. परंतु एका वस्तूवर खर्च केलेला पॉइंट दुसरीकडून कमी होत असल्याने प्रत्येक निवडीबरोबर एक त्याग येतो; अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात तो येथे कागदावर डोळ्यांनी दिसतो. नलोपाख्यानात ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळविण्यासाठी नळाला आपली अश्वविद्या द्यावी लागते, त्या व्यवहाराची येथे आठवण होते. मात्र अश्वविद्या दिल्यानंतरही ती नळापाशी राहिलीच. खर्च झालेल्या पॉइंटला ते भाग्य नाही.

आकड्यांचे गणित

निवडीची युक्तायुक्तता कळण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आणि २०२४ च्या सुधारित नियमांतही खरेदीचा पर्याय निवडणाऱ्यास २७ पॉइंट मिळतात. क्षमता ८ ठेवल्यास खर्च शून्य, १३ केल्यास ५, १४ केल्यास ७ आणि १५ केल्यास ९. नियमपुस्तक जो तयार संच सुचविते, म्हणजे १५, १४, १३, १२, १० व ८, त्याचा खर्चही बरोबर २७ भरतो. फाशात प्रत्यक्ष मिळविली जाते ती मात्र क्षमतेवरून काढलेली अधिक-उणे संख्या : १० किंवा ११ ला शून्य, १२ किंवा १३ ला अधिक १, १६ ला अधिक ३, ८ ला उणे १. यावरून दिसेल की १२ आणि १३ यांच्यात बहुतेक प्रसंगी काहीच अंतर नाही. नवखा खेळाडू विषम आकड्यांवर पॉइंट घालवून बसतो तो या कारणाने.

आता पंधरा काठिण्याचा एक कडा चढावयाचा आहे असे समजू. वीस पृष्ठांचा फासा टाकून त्यात अधिक-उणे मिळवावयाचे आणि बेरीज १५ वा अधिक आल्यास यश. बल १६ असलेले परंतु चढाईचे शिक्षण नसलेले पात्र ४५ टक्के वेळा यशस्वी होते. बल १० असलेले पण प्रशिक्षित पात्र, शिक्षणाचे अधिक २ धरून, ४० टक्के वेळा. आरंभीच्या पायरीवर हा खेळ उपजत शक्तीला शिक्षणापेक्षा वरचढ मानतो. अध्यापकांना हे रुचणार नाही. शिक्षणाचा लाभ पुढे हळूहळू वाढत सतराव्या पायरीवर अधिक ६ होतो आणि तेव्हा दुसरे पात्र ६० टक्क्यांवर पोहोचते, तर पहिले ४५ वरच थांबलेले असते. खेळ किती सत्रे चालणार आहे याचा विचार न करता केलेली निवड म्हणूनच फसते. दोन-तीन बैठकींत संपणाऱ्या खेळात क्षमतेवर भर द्यावा, वर्षभर चालणाऱ्या खेळात कौशल्यांची निवड अधिक काळजीपूर्वक करावी, हा यातून निघणारा सरळ नियम होय.

‘गुर्प्स’मध्ये तीन फाशांची बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी वा त्याहून कमी यावी लागते. कौशल्य १० असता यशाची शक्यता ५० टक्के. ते ११ केल्यास ६२.५ टक्के. परंतु १५ चे १६ केल्यास ९५.४ वरून ९८.१ एवढीच वाढ होते. घटत्या सीमांत उपयोगितेचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात सांगण्यास मिळणे कठीण. सूत्रधार कठीण प्रसंगी मोठी वजावट करणार असेल तरच १६ च्या पुढील खर्चाला अर्थ उरतो.

याहून महत्त्वाचे आणि बहुधा दुर्लक्षिले जाणारे गणित गटाचे आहे. काही कौशल्ये अशी की गटातील एकाला जमले तरी सर्वांचे भागते. दडून बसलेला शत्रू दिसणे हे त्यांपैकी एक. चार जणांपैकी प्रत्येकाची शक्यता ५५ टक्के असेल तर निदान एकाला तो दिसण्याची शक्यता जवळजवळ ९६ टक्के होते. उलट पहारेकऱ्यांच्या नकळत सरकताना चौघांनाही जमावे लागले, तर तीच ५५ टक्क्यांची क्षमता गटासाठी अवघ्या ९ टक्क्यांवर येते. पाचव्या आवृत्तीने गटातील निम्म्यांना जमल्यास सर्वांना जमले असे मानण्याचा नियम ठेवला आहे. त्यामुळे ही शक्यता सुमारे ७६ टक्क्यांपर्यंत सावरते. तिसरा प्रकार एकट्याच्या कौशल्याचा : जखम शिवणे, शिलालेख वाचणे, घोडा आवरणे. येथे एक तज्ज्ञ पुरेसा असतो, पण तो असावाच लागतो. तेव्हा पात्रपत्रिका भरण्यापूर्वी चौघांनी एकत्र बसून विचारावयाचा पहिला प्रश्न ‘माझा सर्वांत मोठा आकडा कोणता’ हा नसून ‘आपल्यापैकी कोणालाच येत नाही असे काय आहे’ हा असला पाहिजे. प्रत्येकाने घरी एकट्याने पात्र तयार करून आणण्याची पद्धत याच कारणासाठी प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

एक उदाहरण : प्राध्यापकाची पात्रपत्रिका

निवडीची प्रत्यक्ष प्रक्रिया पाहण्यासाठी सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या १९८१ च्या खेळाचे उदाहरण घेऊ. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथाविश्वावर तो आधारलेला आहे आणि त्याची पार्श्वभूमी बहुधा १९२० चे दशक ही असते. खेळाडू सामान्य माणसांच्या भूमिका करतात. ज्या शक्तींशी त्यांची गाठ पडते त्यांच्यापुढे बंदुकीचा फारसा उपाय चालत नाही. उपलब्ध व्यवसायांत प्राध्यापक हाही एक आहे आणि ग्रंथालयाचा उपयोग हे या खेळातील अत्यंत मोलाचे कौशल्य मानले जाते. या नियतकालिकाच्या वाचकांना हा खेळ जवळचा वाटण्यास एवढे कारण पुरे आहे.

२०१४ च्या सातव्या आवृत्तीप्रमाणे प्राध्यापकाला शिक्षण या क्षमतेच्या चौपट व्यावसायिक पॉइंट आणि बुद्धीच्या दुप्पट वैयक्तिक पॉइंट मिळतात. शिक्षण ८० व बुद्धी ७० धरल्यास ते अनुक्रमे ३२० आणि १४० होतात. प्रत्येक कौशल्याला एक मूळ टक्केवारी असते, जी कोणाही माणसाला असते असे गृहीत धरलेले आहे : ग्रंथालयाचा उपयोग २०, इतिहास ५, मानसशास्त्र १०, प्रथमोपचार ३०. मातृभाषेचा आकडा शिक्षणाइतका, म्हणजे ८०, आपोआप मिळतो. तीवर खर्च करण्याची गरज नाही.

समजा आपल्याला ग्रंथसंग्रहात रमणारा, पण अडचणीत माणसे न सोडणारा इतिहासाचा प्राध्यापक हवा आहे. व्यावसायिक ३२० पैकी ग्रंथालयावर ५० खर्चून ते ७० करावे. इतिहासावर ६० देऊन ते ६५. लॅटिनवर ४९ देऊन ५०. मानसशास्त्रावर ४० देऊन ५०. गूढविद्येवर ३५ देऊन ४०. मन वळविण्यावर ४६ देऊन ५६. उरलेले ४० सांपत्तिक पतीसाठी ठेवावेत, कारण या खेळात पतही पॉइंट देऊनच घ्यावी लागते आणि प्राध्यापकासाठी ती २० ते ७० च्या दरम्यान ठेवण्याचे बंधन आहे. येथवर बेरीज ३२० झाली. वैयक्तिक १४० मधून दडलेली वस्तू हेरण्याचे कौशल्य ६०, कानोसा घेणे ५०, प्रथमोपचार ५०, चोरपावलांनी चालणे ४०, मोटार चालविणे ४० आणि वार चुकविणे, चपळता ५० धरून, ४० एवढे करता येते.

या वाटपामागील तर्क असा. खेळ शोधाचा असल्याने ग्रंथालय आणि हेरणे ही दोन कौशल्ये प्रत्येक बैठकीत लागणार. ती उंच ठेवावीत. इतिहासाचे ६५ हे त्या माणसाची ओळख म्हणून. कठीण कामासाठी आकड्याच्या निम्मे व अत्यंत कठीण कामासाठी एक पंचमांश धरला जात असल्याने ७० चे ३५ आणि १४ होतात. ४० चे मात्र २० व ८ च उरतात. म्हणून जे कौशल्य कठीण प्रसंगी कामास यावे असे वाटते ते एक-दोनच असावे आणि बाकीची ४० ते ५० च्या पट्ट्यात पसरावीत. अपयश आल्यास वाढीव धोका पत्करून एकदा पुन्हा प्रयत्न करण्याची सोय आहे. तिच्यामुळे ४० टक्क्यांचे कौशल्य दोन प्रयत्नांत ६४ टक्क्यांपर्यंत जाते, तर ७० चे ९१ पर्यंत. मधल्या पट्ट्यातील कौशल्ये दिसतात तितकी दुबळी नसतात, ती यामुळे.

बंदुकीवर या पत्रिकेत एकही पॉइंट नाही. पिस्तुलाची मूळ टक्केवारी २० आहे, तेवढ्यावर भागवावे. अनेक खेळाडू येथे मोह आवरू शकत नाहीत आणि प्राध्यापकाच्या हाती ८० टक्क्यांची रायफल देतात. नियम त्याला हरकत घेत नाहीत. पण असे करणारा सूत्रधाराला नकळत सांगत असतो की मला गोळीबाराचे प्रसंग हवेत. आणि सूत्रधाराने ते दिले नाहीत तर तो खर्च वाया जातो, दिले तर शोधाचा खेळ शिकारीचा होतो.

या पद्धतीत वाढीचा नियमही विचार करण्यासारखा आहे. त्याचे मूळ १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळात सापडते. जे कौशल्य खेळात यशस्वीरीत्या वापरले गेले तेवढेच वाढण्यास पात्र ठरते, आणि वाढण्यासाठी शंभरांच्या फाशावर त्या कौशल्याहून मोठी संख्या यावी लागते. सत्तर टक्के जाणणाऱ्याला शिकण्याची संधी तीस टक्के, वीस टक्के जाणणाऱ्याला ऐंशी टक्के. जो जितका अधिक जाणतो त्याला नवे शिकणे तितके अवघड, ही गोष्ट संशोधनाचा अनुभव असलेल्या कोणालाही पटेल. कथुलू-विद्या हे एक कौशल्य मात्र आरंभी घेताच येत नाही. ते खेळातच, अनर्थांच्या मोबदल्यात मिळते. आणि ते जितके वाढेल तितकी पात्राच्या मानसिक स्वास्थ्याची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते.

उणिवांची किंमत

खरेदीच्या पद्धतीत उणीव स्वीकारल्यास जादा पॉइंट मिळतात. अधू पाय, पाण्याची भीती, एखादे जुने वचन, डोक्यावरील कर्ज, यांपैकी काही घ्यावे आणि त्या बदल्यात कौशल्ये वाढवावीत. ही तरतूद दुधारी आहे. कधीच पुढे न येणारी उणीव घेऊन पॉइंट पदरात पाडून घेणारे खेळाडू सर्वत्र असतात. तथापि उणीव प्रामाणिकपणे निवडल्यास तिच्यासारखे कथाबीज दुसरे नाही, कारण कौशल्य प्रसंग सोडविते आणि उणीव प्रसंग निर्माण करते. पॉइंट मिळत नसतील तेथेही एक क्षमता जाणीवपूर्वक ८ वर ठेवणे यासाठीच हितावह.

मात्र उणीव कोणी ठरवावयाची, हा प्रश्न निराळा आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७८ च्या प्रगत नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या बलाची कमाल मर्यादा पुरुष-पात्राहून कमी ठेवली होती, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. पात्राच्या वंशावरून क्षमतांत होणारी वाढ त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. २०२० मध्ये ती हवी तेथे लावण्याचा पर्याय मिळाला आणि २०२४ च्या नियमांत ती वंशापासून तोडून पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. ‘वंश’ हा शब्दही बदलून तेथे ‘प्रजाती’ असा शब्द आला. खेळाडूने निवडलेले दौर्बल्य आणि जन्मावरून लादलेले दौर्बल्य यांत भेद करावयास या खेळाला पन्नास वर्षे लागली.

बोलण्याच्या कौशल्याचा प्रश्न

कड्यावर चढणे टेबलाशी बसून करता येत नाही; तेथे फाशाला पर्याय नाही. मन वळविणे मात्र टेबलाशी बसून प्रत्यक्ष करता येते. मग अडखळत बोलणाऱ्या खेळाडूने वक्तृत्वाचा मोठा आकडा घेतला असेल तर सूत्रधाराने काय करावे? आणि वाक्पटू खेळाडूने तो आकडा ८ वर ठेवून वाचलेले पॉइंट तलवारबाजीवर लावले व प्रत्येक दरबारात स्वतःच्या वाणीने बाजी मारली तर?

दोन टोकांची उत्तरे उपलब्ध आहेत. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात ‘रिॲक्टिंग टू द पास्ट’ ही अध्यापनपद्धती विकसित केली. तीत विद्यार्थी ऐतिहासिक व्यक्तींच्या भूमिका घेऊन सभा, खटले वा वाटाघाटी चालवितात. भूमिकेबरोबर उद्दिष्टे मिळतात, कौशल्यांचे आकडे मिळत नाहीत. यश मुख्यतः विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाचनावर, लेखनावर आणि भाषणावर अवलंबून असते. वक्तृत्व शिकविणे हाच हेतू असेल तर हे योग्यच. दुसरे टोक रॉबिन लॉज यांच्या २००७ मधील ‘गमशू’ या पद्धतीचे. तीत शोधाचे कौशल्य पत्रिकेवर असले, पात्र योग्य ठिकाणी पोहोचले आणि त्याने ते वापरले, की आवश्यक धागा फासे न टाकता हाती पडतो. आकडा हा करार आहे, ही कल्पना येथे तिच्या शेवटापर्यंत नेलेली दिसते.

महाविद्यालयीन वर्गासाठी प्रस्तुत लेखकाचा कल मधल्या मार्गाकडे आहे. खेळाडूने काय साधावयाचे व कोणत्या युक्तिवादाने, एवढे आपल्या शब्दांत सांगावे, ते तृतीयपुरुषी असले तरी चालेल. ते किती प्रभावी ठरले हे पत्रिकेवरील आकडा आणि फासा ठरवील. युक्तिवाद चांगला असल्यास सूत्रधाराने काठिण्य कमी करावे. उच्चार, आवाज, इंग्रजीवरील प्रभुत्व अथवा सभाधीटपणा यांसाठी मात्र काही कमी-जास्त करू नये. ग्रामीण भागातून आलेला, सभेत उभा राहण्यास कचरणारा विद्यार्थी मुत्सद्द्याचे पात्र मागून घेतो तेव्हा बहुधा त्याला त्या भूमिकेची चव घेऊन पाहावयाची असते. त्याने पॉइंट खर्चून मन वळविण्याचे ५६ घेतले आहेत. ते छप्पन त्याच्या बाजूने उभे राहिले नाहीत, तर पुढच्या खेपेस तो धनुष्यबाण मागेल.

या कारणाने सूत्रधाराने पहिल्या बैठकीपूर्वी सर्व पात्रपत्रिका शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात. ज्या कौशल्याला आपल्या कथानकात वाव नाही ते ज्याने घेतले असेल त्याला तसे सांगून बदलू द्यावे. एखाद्याने पोहण्यावर भरपूर खर्च केला असेल आणि कथानक वाळवंटातले असेल, तर एक तर नदी आणावी किंवा पॉइंट परत करावेत. दोघांनी एकच कौशल्य उंच ठेवले असल्यास त्यांना एकमेकांशी बोलू द्यावे. आणि कोणाच्या पत्रिकेवर असे एकही कौशल्य नसेल की जे गटात केवळ त्याच्याकडेच आहे, तर खेळ सुरू करण्याची घाई करू नये.